होडीच्या मोरीचें बूच

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



या महोत्सवी व्याख्यानमालेंत आम्हांस बोलावयास सांगण्यांत आलें, तेव्हां विषय कोणता घ्यावा हें आम्हांवरच सोंपविण्यांत आलें होतें. आमच्या आधींच्या वक्त्यांनीं धर्मग्रामाचा इतिहास, शाळा, तरुणांचें शिक्षण असे भारदस्त विषय घेतले. आम्ही बोलणार आहों तें एका भोंकाविषयीं. दीड इंच व्यासाचें, होडीच्या तळाशीं असलेलें हें भोंक आणि त्यांत बसविलेलें चार अंगुळें लांबीचें लांकडी बूच, एवढाच आमचा विषय. मागें बसलेली कांहीं मंडळी हंसत आहेत. त्यांनीं खुशाल हंसावें. सहा वर्षांपूर्वीं आम्हीहि हंसलों असतों.

आपण पठारावरचीं माणसें. समुद्र पाहावयाचा तर घाट उतरून जावें लागतें. छत्रपती संभाजीनगरच्या, किंवा जुन्यांच्या तोंडीं अजून असलेल्या औरंगाबादच्या, धर्मग्रामांत होडीचें बोलणें निघावें हेंच मुळीं नवल. पण तें निघण्यास कारण आहे. पैठणजवळ गोदावरीवर जायकवाडीचें धरण बांधण्यांत आलें. १८ ऑक्टोबर १९६५ रोजीं लालबहादूर शास्त्री यांच्या हस्तें त्याची पायाभरणी झाली व २४ फेब्रुवारी १९७६ रोजीं इंदिरा गांधी यांच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें. सुमारें दहा किलोमीटर लांबीच्या त्या मातीच्या बांधामागें जो जलाशय सांचला त्यास आपण नाथसागर म्हणतों. तो पूर्ण भरला म्हणजे ५५ किलोमीटर लांब व कोठें कोठें २७ किलोमीटर रुंद पसरतो. शंभराहून अधिक गांवांच्या जमिनी त्याखालीं गेल्या. नांगर धरणाऱ्या कित्येक हातांना त्यानंतर वल्हें धरावें लागलें. नदीकांठचे भोई पूर्वींपासून मासे धरीत, परंतु नदीचा डोह निराळा आणि पैलतीर न दिसणारें पाणी निराळें.

वसईच्या पाचूबंदराकडील आपले कोळी बंधु होडींत जन्मतात असें म्हटलें तरी चालेल. तेथील पोराला बूच कोठें ठेवावें हें कोणी शिकवीत नाहीं. बूच हा शब्दहि आपल्या भाषेंत पोर्तुगीज भाषेंतून आलेला आहे. साबण, चावी, घमेलें यांच्याबरोबर तो किनाऱ्यावर उतरला आणि पठारापर्यंत चढला. शब्द आला, त्यामागची संवय मात्र घाटाखालींच राहिली. ती संवय आम्हांस किती मोल देऊन लावून घ्यावी लागली तें आज सांगावयाचें आहे.

प्रथम हें भोंक कशासाठीं असतें तें सांगितलें पाहिजे, नाहींतर ऐकणारा म्हणेल कीं होडीला भोंक पाडतोच कोण?

बाजारांत मेलेल्या मरळीस एक भाव आणि जिवंत मरळीस दुसरा. हा फरक इतका असतो कीं, धरलेली मासळी किनाऱ्यापर्यंत जिवंत आणणें यांतच मासे धरणाऱ्याचा नफा असतो. म्हणून होडीच्या मधोमध दोन आडव्या फळ्या पाणी झिरपणार नाहीं अशा बसवून एक हौद करतात. या हौदाच्या तळास भोंक पाडलें म्हणजे जलाशयाचें पाणी आपोआप आंत येतें, बाहेर जितकें उंच तितकेंच आंत उंच होतें आणि थांबतें. होडी हेलकावे खाते तसें तें थोडें थोडें बदलत राहतें. होडी कांठावर ओढली म्हणजे त्याच भोंकांतून हौद रिकामा होतो. येण्याची वाट तीच, जाण्याची वाट तीच. म्हणून आम्ही तिला मोरी म्हणतों. ही युक्ति आपल्याकडची नव्हे, आणि नवीहि नव्हे. इंग्लंडांतील हारविच बंदरांत १७१२ च्या सुमारास अशा हौदाचीं गलबतें बांधण्यांत आलीं, आणि उत्तर समुद्रांतील कॉड मासा जिवंत आणण्यासाठीं तीं फार दिवस चाललीं. त्यांच्या हौदास एक मोठें भोंक नसे, तळांत पुष्कळ बारीक छिद्रें असत.

पाणी बदलण्याची एवढी निकड कां, तर मासा पाण्यांत विरघळलेला प्राणवायु घेतो आणि ऊन पाण्यांत तो कमी मावतो. २० अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यांत लिटरमागें सुमारें ९ मिलिग्रॅम प्राणवायु विरघळतो, ३० अंशांवर साडेसातच. चैत्र-वैशाखांत मासा अधिक मागतो आणि पाणी कमी देतें. रोहू, कटला यांचा अशा हौदांत फार वेळ निभाव लागत नाहीं. मरळ चिवट, ती वर येऊन हवाहि घेते. पण त्यामुळेंच ती पृष्ठभागीं येऊं शकली पाहिजे, झांकणापर्यंत हौद भरून टाकला तर पाण्यांतला मासा पाण्यांतच गुदमरतो. आणि ती उडी मारते, म्हणून झांकण बांधावें लागतें. हें झांकण ध्यानांत ठेवावें, पुढें त्याचें काम आहे.

हौद आणि मोरी यांचें नातें ज्यांना डोळ्यांनीं पाहावयाचें असेल त्यांनीं नाथसागरापर्यंतहि जाण्याचें कारण नाहीं. पाणचक्कीस जावें. तेथील हौद आपण सर्वांनीं लहानपणापासून पाहिला आहे, परंतु त्याच्या तळाखालीं भक्कम खांबांवर उभें असलेलें एक प्रशस्त दालन आहे हें किती जणांच्या लक्षांत असतें? हौदाचा तळ तेंच दालनाचें छत. वर पाणी, खालीं कोरडी जागा, उन्हाळ्यांत थंडगार. दूरच्या झऱ्याचें पाणी नळांतून येतें आणि जास्त झालेलें खाम नदींत पडतें. ज्या कारागिरांनीं तें बांधलें त्यांना पाण्याची बाहेर जाण्याची वाट आधीं ठरवावी लागली असली पाहिजे. ती वाट चुकली असती तर दालनांत कोणी बसूं शकला नसता. आमच्या होडींतहि हौदाच्या दोन्ही बाजूंस कोरडी जागा असते आणि त्या कोरड्या जागेवरच होडी तरंगते. हौद ही पाण्याला दिलेली खोली आहे. त्या खोलीचा कांठ ओलांडून पाणी शेजारीं गेलें कीं होडी संपली.

आतां आमची हकीकत.

आमच्या धर्मग्रामांतील दोन कुटुंबें आणि आम्ही, अशांनीं मिळून थोडे पैसे घालून नाथसागराच्या कांठीं एक लांकडी होडी केली. पैसा आमचा व कसब मामांचें. मामा हे भोई समाजाचे वयोवृद्ध गृहस्थ. सगळा कांठ त्यांना मामा म्हणतो, म्हणून आम्हीहि म्हणतों. जाळीं त्यांचीं स्वतःचीं, तींहि त्यावर्षीं उधारीवर घेतलेलीं. आम्ही शाळेंतून निवृत्त झालेलों. हिशेब ठेवणें आणि होडी धुण्यास हात लावणें एवढेंच आमचें काम होतें.

चैत्राचे दिवस होते. त्या दिवसांत नाथसागर मागें सरतो आणि कांठ फार उथळ असल्यामुळें चिखलाचा पट्टा दूरवर उघडा पडतो. पाणी सरलेल्या त्या जमिनींत लोक गाळपेर करतात. त्या दिवशीं दुपारीं आम्हीं हौद धुतला, बूच काढून घाण पाणी सोडलें, बूच सदऱ्याच्या खिशांत टाकलें. मग होडी चिखलावरून ओढावयाची होती. ऊन मी म्हणत होतें. आम्हीं सदरा काढला आणि बाभळीच्या फांदीवर टांगला. होडी पाण्यांत गेली, मोरींतून हौद भरूं लागला, मामांनीं तें पाहिलें आणि ते कांहीं बोलले नाहींत, कारण हौद भरावयाचाच होता. बूच आपल्याजवळ आहे असें त्यांनीं गृहीत धरलें. होडींत आम्ही, मामा व मामांचा भाचा.

मासळी बरी मिळाली, मरळीच अधिक. परततांना गाळपेराच्या कांठावर दोन माणसें हात करीत होतीं. त्यांना चाऱ्याचे सहा भारे घेऊन आमच्याच कांठास यावयाचें होतें. नाहीं म्हणवेना. भारे कोठें ठेवावे? हौदाचें झांकण सपाट, म्हणून त्यावरच रचले.

येथें थोडें गणित सांगितल्यावांचून गत्यंतर नाहीं. जुनी खोड आहे. आमची होडी पाण्याच्या रेषेवर सुमारें पांच चौरस मीटर भरते. म्हणजे दर पन्नास किलो वजनास ती एक सेंटिमीटर खालीं बसणार. आम्ही तिघे असतां हौदाचा कांठ बाहेरच्या पाण्याहून चार बोटें वर असे. दोन माणसें आणि ओले हिरवे भारे मिळून तीनशें किलोच्या आसपास भरलें असेल. चार बोटांपैकीं तीन गेलीं. उरलेलें एक बोट संध्याकाळच्या वाऱ्यानें उठलेल्या लाटांनीं भरून काढलें. आंतलें पाणी बाहेरच्या पाण्याशीं बरोबरी करूं पाहतें हा त्याचा स्वभाव; मोरी उघडी असल्यामुळें तें हौदाच्या कांठावरून शेजारच्या कोरड्या जागेंत उतरूं लागलें. उतरलेल्या पाण्यानें होडी आणखी खालीं बसली व आणखी पाणी आंत आलें. हें सर्व चाऱ्याखालीं, झांकणाखालीं, अंधार पडतां पडतां आणि अगदीं निमूटपणें चाललें होतें.

भाच्याच्या पायांना पाणी लागलें तेव्हां तो म्हणाला, "मामा, पाणी चढतंय." मामांनीं वल्हें आडवें ठेवलें, हात लांब केला आणि म्हणाले, "मास्तर, बूच द्या."

आमचा हात खिशाकडे गेला. अंगावर बनियन होती.

बंधुभगिनींनो, आम्हीं आयुष्यांत पुष्कळ सभांतून पुष्कळ शब्द उच्चारले, परंतु "सदरा बाभळीवर आहे" हे तीन शब्द उच्चारतांना जें वाटलें तें पुन्हां कधीं वाटूं नये. मामा रागावले नाहींत. रागावण्यास वेळहि नव्हता. "चारा टाका," एवढेंच म्हणाले.

त्या दोन गरीब माणसांनीं आपला चारा आपल्या हातांनीं पाण्यांत लोटला. मग झांकणाच्या गांठी. ओल्या झालेल्या दोऱ्या अंधारांत सुटेनात. पाणी घोट्यांवर आलें. तेव्हां मामांनीं भाच्यास खूण केली आणि दोघांनीं दोन्ही जाळीं उचलून टाकलीं. तीं तरंगलीं नाहींत. त्यानंतर होडी थोडी वर आली, हौदाचा कांठ पुन्हां पाण्याच्या वर डोकावला आणि आम्ही पांचहि जण डब्यानें, टोपल्यानें, हातानें उपसूं लागलों. कांठ वर आल्यावर नवें पाणी येईना, म्हणून उपसणें कामास आलें. त्याआधीं तासभर उपसलें असतें तरी तें व्यर्थ होतें. झांकण शेवटीं सुटलें तेव्हां बनियनीची गुंडाळी करून भाच्यानें मोरीवर टांच रोवली व तो कांठ येईपर्यंत तसाच उभा राहिला.

दीड इंची भोंकावर एक फूट खोलीचें पाणी जेवढा जोर करतें तो सुमारें साडेतीनशें ग्रॅम भरतो. अंगठ्यानें दाबून धरावें एवढा. तेंच भोंक उघडें राहिलें आणि आंतली जागा रिकामी असली तर मिनिटास सुमारें शंभर लिटर पाणी आंत येतें, म्हणजे दहा लिटरच्या दहा बादल्या. अंगठ्याचें काम होतें, पण अंगठा तेथवर पोंचत नव्हता. मध्यें चारा होता, झांकण होतें, गांठी होत्या. बूच विसरणें ही एक चूक, आणि मोरीवर ओझें रचणें ही तीहून मोठी. दुसरी आम्हां सर्वांची होती. पहिली एकट्या आमची.

माणसें सुखरूप उतरलीं. मरळी कांहीं गेल्या, कांहीं राहिल्या. सदरा बाभळीवर होता आणि खिशांत बूच होतें. दुसऱ्या दिवशीं आम्ही जाळ्यांचे पैसे घेऊन मामांकडे गेलों. त्यांनीं ते लगेच घेतले नाहींत. "पैशाचं मागून बघू मास्तर, आधी दोरी आणा," म्हणाले. पैसे पुढें त्यांनीं घेतले, पुरे घेतले, आणि तेंच योग्य झालें. उधारी त्यांच्या डोक्यावर होती. चाऱ्याचीहि भरपाई करून दिली. परंतु तो हंगाम मामांनीं दुसऱ्यांच्या जाळ्यांवर मजुरीनें काढला, त्याची भरपाई कोणत्या वहींत मांडावी तें आम्हांस अजून सुचलेलें नाहीं.

दोरीचें काय केलें तें आतां सांगतों, कारण या कामाचें मर्म तेथें आहे. होडी कांठावर असतांना बूच काढलेलें असणें हेंच बरोबर असतें. नाहींतर पावसाचें पाणी सांचून लांकूड कुजतें, घाण राहते. म्हणजे रोज एकदां बूच होडीपासून वेगळें होणारच, आणि विसर पडावयाचा तो त्याच वेळीं पडणार. मामांनीं बुचाच्या डोक्यास आडवें भोंक पाडून त्यांत हातभर दोरी ओंवली. कांठावर असतांना ती दोरी वल्ह्याच्या मुठीस बांधतात. वल्हें हातांत घेतल्याशिवाय होडी निघत नाहीं, आणि वल्हें हातांत घेतलें कीं बूच मनगटावर आपटतें. पाण्यांत उतरल्यावर तीच दोरी हौदाच्या कांठाच्या कडीस बांधावयाची. खिसा हें बुचाचें ठिकाण नव्हे. शिवाय एक दुसरें बूच होडीच्या नाळेशीं खिळ्यास कायम टांगलेलें असतें, त्यास कोणीं हात लावावयाचा नाहीं. झांकणावर माणूस देखील बसूं देत नाहींत. आणि हौदाच्या आंत, कांठाखालीं तीन बोटांवर, मामांनीं तांबड्या रंगाची रेघ ओढली. पाणी रेघेस लागलें कीं मोरी बंद, मग वाटेंत कोणीहि हात करो.

बूच घडविण्याविषयीं चार गोष्टी. तें एका टोंकास निमुळतें असावें, पण फार नव्हे. लांबीच्या दर इंचास एक सूत उतार पुरे. फार उतार दिला तर तें टोंकाशींच धरतें व हिसक्यानें उडतें. लांकूड फार कठीण नको. मऊसर लांकूड पाणी पिऊन फुगतें आणि भोंकाच्या अंगास धरून बसतें. आमचें कडुलिंबाचें आहे. मात्र सुकें बूच हातोड्यानें ठोकून बसवूं नये, फुगल्यावर तें तळाची फळी चिरतें. उन्हाळ्यांत होडी बरेच दिवस कांठावर राहिली असेल तर आदल्या रात्रीं बूच पाण्यांत भिजत घालावें आणि सकाळीं हातानें दाबून, अर्धा वेढा देऊन बसवावें. तें आंतल्या बाजूनें बसवितात, कारण पाण्यावर असतांना बाहेरून हात पोंचत नाहीं; पण त्यामुळें पाण्याचा रेटा त्यास वर ढकलीत असतो, हें विसरूं नये. म्हणून आमच्या बुचावर एक आडवी पट्टी सरकविलेली असते.

शहरांत पितळी दांड्याचें रबरी बूच मिळतें. दांडा पाडला कीं रबर फुगून भोंक धरतें. तें चांगलें असतें, भोंकास थोडा खडबडीतपणा असला तरी भागतें. परंतु उन्हानें रबर कडक होऊन चिरा पडतात, डिझेल-रॉकेल लागलें तर तें बिघडतें, आणि महिनोन्महिने आवळून ठेवलें तर त्याचा आकार तसाच बसतो व मग तें ढिलें पडतें. काम नसतांना दांडा उचलून ठेवावा. तांब्याची जाळी मोरीवर बसवूं नये. तांब्याचा अंश माशांस बाधतो. नायलॉनची बसवावी.

मोरी तुंबते ती गाळानें, खवल्यांनीं आणि शेवाळानें. नाथसागराचें पाणी पावसाळ्यांत गढूळ येतें आणि हौदाच्या कोंपऱ्यांत बोटभर थर बसतो. मोरी सर्वांत खोल कोंपऱ्यांत असेल तरच धुतांना तो निघून जातो. म्हणून होडी बांधून घेतांनाच तें पाहावें. धुण्यास कुंचा, मूठभर मीठ व भरपूर पाणी. साबण नको, चुना नको. नळाचें पाणी माशांच्या हौदांत ओतूं नये, त्यांतील क्लोरीन मासे मारतें.

बूच घट्ट असूनहि होडींत पाणी येतें, तेव्हां लोक बुचास दोष देतात. बहुधा दोष बुचाचा नसतो, हौदाच्या फळ्या तळास जेथें मिळतात त्या सांध्याचा असतो. त्याची परीक्षा सोपी. होडी कांठावर ओढावी, बूच लावावें, हौदांत पाणी भरावें आणि शेजारची कोरडी जागा पुसून तासभर बसावें. पाणी कोठून पाझरतें तें दिसतें. मग त्या सांध्यांतील जुनें काढून कापूस व राळ ठांसून भरावी, नीट वाळूं द्यावें. वाळण्यापूर्वीं मासे सोडले तर ते मरतात. आम्हीं ही घाईहि एकदां करून पाहिली आहे.

आणखी एक. मोरी बंद केल्यावर हौद अर्धवट ठेवूं नये. तीन फूट लांब, दोन फूट रुंद, दीड फूट खोल हौदांत अडीचशें लिटरांच्या वर पाणी मावतें. अर्धा भरला तरी दोन माणसांचें वजन झालें, आणि हीं दोन माणसें स्वस्थ बसत नाहींत. होडी ज्या अंगास कलेल त्या अंगास धांवतात. मामा हौद रेघेपर्यंत भरूनच बूच बसवितात, नाहींतर अगदीं रिकामा करतात.

शुभवर्तमानांत जब्दीचे पुत्र होडींत बसून जाळीं नीट करीत होते हें आपण ऐकलें आहे. मासळीच्या भारानें होड्या बुडूं लागल्या हेंहि ऐकलें आहे. बुचाचा उल्लेख तेथें नाहीं. पण जाळें नीट करणाऱ्या त्या माणसांनीं होडीहि नीट ठेविली असली पाहिजे अशी आमची समजूत आहे, मामांना ती सांगितली तेव्हां ते म्हणाले, "त्यांच्यात मास्तर नसतील."

आमच्या होडींत हल्लीं धर्मग्रामांतील तीन तरुण मुलें कामास येतात. त्यांतील एकास मामांनीं पहिल्या दिवशीं मासे धरावयास नेलें नाहीं. कांठावर बसवून बूच शंभर वेळां लावावयास व काढावयास सांगितलें, दोनदां डोळे बांधून. त्याची आई आमच्याकडे तक्रार घेऊन आली होती. आम्हीं तिला सदऱ्याची हकीकत सांगितली. ती कांहीं न बोलतां घरीं गेली आणि दुसऱ्या दिवशीं मुलाच्या हातीं सुताची नवी दोरी पाठविली.

तें बूच आज आम्हीं येथें आणलें आहे. सभा संपल्यावर मुलांनीं पुढें यावें, हातांत घेऊन पाहावें. मात्र अंधार पडण्यापूर्वीं परत द्यावें. मामा बाहेर फाटकाशीं वल्हें घेऊन थांबले आहेत आणि उद्यां पहांटे चारला होडी निघावयाची आहे.